काटे बोटांनी काढ

पालघर
नोव्हेंबर १९६७

प्रिय आये,

जानूदादा, आईला माझी पत्रं तूच वाचून दाखवतोस, पण हे पत्र तिच्या कानाशी पुटपुटू नकोस. बोंबील वाळत घालायला बायका वलांडीपाशी जमल्या की मोठ्याने वाच. ज्यांनी माझ्या आईबद्दल कुजबुज केली, त्यांनाही ऐकू जाऊ दे.

आये, धाकटी पाच महिन्यांची झाली. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसायला लागलीय, दात येतोय. बारशाला तू आली नाहीस. येसूबाईच्या हाती कुंची पाठवलीस आणि वर निरोप, की माझ्या तोंडात विष हाय, मी पोरीला हात नाय लावणार, देवीची शपथ हाय. कुंची मी पोरीला घातली. निरोप मात्र मी ठेवून घेतलेला नाही, तो परत पाठवतेय.

मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा थोरला कमलाकांत तुझ्याकडेच होता. बोय मासळी भाजलीस की आधी स्वतःच्या तोंडात घ्यायचीस, जिभेने एकेक काटा शोधायचीस आणि मऊ झालेला घास त्याला भरवायचीस. मलाही तू तसंच वाढवलंस, तुला तुझ्या आईने. आपल्या घरात कुणा पोराच्या घशात काटा अडकल्याचं मी ऐकलं नाही. बंदरावर मासळी निवडायला जाताना फडक्यात गूळ बांधून त्याला चोखायला द्यायचीस, म्हणजे पोर रडायचं नाही. मग त्याचे पुढचे चार दात काळे पडले, झिजून खुंट उरले. तू घाबरून वैदीण बोलावलीस. तिने रिंगणीच्या बियांचा धूर दिला आणि वाटीतल्या पाण्यात किडे दाखवले. तू मला शपथेवर सांगितलंस, ‘मी या डोल्यांनी बघितलं, किडं पडलं.’ आणि आठवड्याने पोराचा गाल सुजून डोळा बंद झाला.

मी त्याला मुंबईला दातांच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाई त्या वाटीतल्या किड्यांवर हसल्या. बियांचेच तुकडे ते. पण नंतर त्या जे बोलल्या ते नीट ऐक. कीड असते, पण डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक, जंतू म्हणतात त्यांना. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात ते नसतात. दात यायला लागले की मोठ्यांच्या लाळेतून येऊन दाताला चिकटतात. गूळ-साखर मिळाली की त्याचं आंबट करतात आणि त्या आंबटाने दात विरघळतो. परदेशात उंदरांसारख्या प्राण्यांवर हे नुकतंच तपासलंय म्हणे, अजून पुष्कळ शोधायचं बाकी आहे. मग त्यांनी माझंही तोंड उघडायला लावलं. माझ्या दोन दाढा किडलेल्या! दूध गार झालं का ते त्याच्याच चमच्याने मी रोज चाखून बघत होते. आता सांग, एकट्या तुझ्याच तोंडात विष कसं?

पण सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. दांडी गावच्या आजीच्या उष्ट्याने आमच्या नातवाचे दात खाल्ले, हे त्यांनी पालघरभर केलं. स्वतः मात्र बशीतला चहा दोन घोट पिऊन उरलेला कमूच्या तोंडाला लावायच्या, चांगला साखरेचा. मी चारचौघांत तोंडावर बोलले. घरात दोन दिवस अबोला होता. बरं झालं, तेवढीच शांतता. किडके खुंट काढून टाकल्यापासून कमू बोळका हसतो आणि हसताना तोंडावर हात धरायला शिकलाय. ते बघून मला रडू येतं आणि त्याहून जास्त राग येतो. तुझा नाही गं. तुझ्या जिवाला घोर लावून जे मोकळे झाले, त्यांचा.

आता पत्र का लिहितेय ते सांगते. मला तुझ्या दांडीजवळच, घिवलीच्या शाळेत नेमणूक मिळाली आहे. सासूबाई म्हणतात नोकरी सोड, नाहीतर पोरं इथेच राहतील, दांडीला त्यांना पाय ठेवू देणार नाही. मी नोकरी सोडणार नाही आणि पोरंही ठेवणार नाही. यांचं कामही तिकडेच, तारापूरला वीजघराच्या बांधकामावर. हे म्हणाले, चल. रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे राहायला येतोय. पुढच्या आठवड्यात तू आणि मी दाढा दाखवायला जाऊ, तुला दुखलं तर मला शिव्या दे. गुळाचं फडकं चुलीत घाल. धाकटी अजून दूधच पिते, पण लवकरच मासळी मागेल, तुझीच नात ती. दुपारभर मी शाळेत असेन आणि पोर तुझ्या मांडीवर. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर मी तिला ठेवणार नाही. देवीची काय शपथ घेतलीस ते तिचं ती बघेल. तू फक्त काटे बोटांनी काढ.

तुझीच हट्टी,
काशी