डबल दांडीची सायकल

अण्णा, काल पुण्याला गेलो होतो, तुमच्या नातीला सायकल घ्यायला. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता पस्तिशी उलटली तिची, नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, आणि तिच्या डोक्यात एका शर्यतीचं वेड शिरलं आहे. आधी तलावात पोहायचं, पाण्यातून निघाल्याबरोबर सायकलीवर बसायचं, आणि सायकल टाकून धावत सुटायचं. सगळं मिळून जवळजवळ दिवसभराचं काम. दुसऱ्या कुणाला मला हे समजावून सांगावं लागलं असतं. तुम्हाला लागत नाही. याचं लहान रूप तुम्ही पाहिलेलं आहे, घाटाच्या पायरीवर उभं राहून.

दुकानात सायकली भिंतीला टांगलेल्या होत्या. दाखवणारा माणूस त्या दोन बोटांवर उचलून खाली घेत होता. पोरीने आधी महिनोन् महिने वाचून, लोकांना विचारून दोन सायकली नक्की केल्या होत्या. एक अगदी हलकी, पुढे ओणवं होऊन चालवायची. दुसरी थोडी वजनाची, पण तासन् तास बसलं तरी पाठ न दुखवणारी. पोहण्यासाठी तिने एक काळा, रबरासारखा पोशाख घालून पाहिला. तो अंगाला चिकटून बसतो आणि पाण्यात माणसाला वर उचलून धरतो म्हणे. त्याच्या आत घालायचे कपडे असे की पोहणं, सायकल आणि धावणं तिन्ही त्यातच. प्रत्येक गोष्ट हातात घेऊन ती एकच विचारत होती, याने मी पुढे जाईन का. मग तिने मला हाक मारली, "बाबा, तुम्ही जन्मभर सायकल चालवलीत. दोन्ही उचलून बघा आणि सांगा, कुठली घेऊ?" मी हात लावला नाही. "मला विचारू नकोस," म्हणालो, आणि ते इतक्या मोठ्याने की दाखवणारा माणूस मोबाईलमध्ये बघायला लागला. मी बाहेर येऊन उभा राहिलो. शिवाजीनगरला तिने मला एस.टी.त बसवलं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "पसंत नव्हतं तर तसं सांगायचं बाबा. माणसं बघत होती." तिने विचारलेला प्रश्न तिचा नव्हता. तो माझा तुम्हाला विचारायचा राहिलेला प्रश्न होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुम्ही साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता, मी कॉलेजात. गळीत हंगाम सुरू व्हायचा, गव्हाणीत पहिली मोळी पडायची, त्या दिवशी कारखान्यावर कुस्त्या वगैरे ठेवत. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून ही शर्यत निघाली. गोदावरीतून वरच्या डोहापासून पुणतांब्याच्या घाटापर्यंत पोहत यायचं, घाटावरून सायकलीने कारखाना गाठायचा, आणि तिथे मैदानाला फेऱ्या मारायच्या. पहिल्या दोघांना पुण्याच्या शिबिराला पाठवणार होते, आणि तिथून पुढे व्यायामशिक्षकाच्या कोर्सला. आमच्या शाळेचे पी.टी.चे सर तसेच पुण्याहून शिकून आलेले. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. एवढीच एक गोष्ट मी आयुष्यात स्वतः ठरवलेली आहे. तुम्ही मात्र माझ्यासाठी कारखान्याच्या टाइम ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. थोरला दिल्लीकडे गेला तो तिकडचाच झाला, पत्रसुद्धा आईने दोनदा लिहिल्यावर एक यायचं, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

पोहणं मला अवघड नव्हतं. विहिरीत पाठीला डबा बांधून तुम्हीच मला शिकवलं होतं. सरांनी त्यांच्या कॉलेजातली एक नायलॉनची आखूड चड्डी मला दिली. तुम्हाला ती दोरीवर वाळताना दिसली. "हे काय आहे?" तुम्ही काठीने ती उचलून विचारलंत, मेलेली पाल उचलावी तशी. "चारचौघांत हे घालून उभा राहणार? आपण संध्येला नदीवर जातो तेसुद्धा पंचा नेसून." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पाण्यात कोण बघतंय त्याला?" तुम्ही म्हणालात, "पाण्यातून बाहेरही यायचंय ना त्याला." दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून खाकी ड्रिलची गुडघ्यापर्यंतची पँट शिवून आणलीत, नाडीची. भिजली की ती गोणपाटासारखी जड व्हायची, आणि सीटवर मांड्या सोलून काढायची. पण तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती तुमच्या लाजेपोटी होती, आणि तुम्हाला खरंच लाज वाटत होती.

सायकलीचं तसं नाही. सायकलवाल्याच्या दुकानात एक हलकी, वाकलेल्या हँडलची सायकल आली होती. मी कॉलेजातून येता-जाता ती बघायचो. एका सकाळी तुम्हाला दबकत म्हणालो होतो, शर्यतीपुरती भाड्याने मिळेल. "भाड्याची कशाला?" तुम्ही म्हणालात. "बघू." आणि दसऱ्याला तुम्ही सायकल घेऊन आलात. कोरी, काळी, डबल दांडीची, चोवीस इंची. पूर्ण चेनकव्हर, रुंद कॅरिअर, डायनामो, मोठा दिवा, डबल स्टँड, मडगार्डाला मागे लाल काच. अंगणात उभी केलीत. आईने हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि शेजारपाजारची माणसं बघायला आली. "पोराचं भाग्य हो," म्हणाली सगळी. आमच्या आळीत कुणाच्या मुलाला इतकी भारी सायकल मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. सायकलीभोवती फिरले आणि म्हणाले, "ठीक आहे. स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर, दिवा, सगळं काढून ठेवू. शर्यत झाली की परत लावू." पाना त्यांनी बरोबरच आणला होता. तुम्ही ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "पूजा झालेल्या वस्तूचे अवयव काढायचे नसतात, मास्तर. वर्ष तरी जाऊ द्या." सर म्हणाले, "अण्णा, लोखंड आहे ते." तुम्ही म्हणालात, "देवळातला दगडही दगडच असतो." सरांनी पाना खिशात घातला. चहा न घेता गेले. जाताना मला फाटकाशी म्हणाले, "दम तुझ्यात आहे. पण एवढं ओझं घेऊन पुढे जायला बैलाचा दम लागतो."

तुम्ही धार्मिक होता, पण असला नियम त्याआधी मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मागच्याच दसऱ्याला पूजा झालेला विहिरीचा रहाट तुम्ही आठवड्यात खोलून दुरुस्त केला होता. मला हे त्या दिवशीच आठवायला हवं होतं. आठवलं तेव्हा तुम्ही नव्हता.

तुमच्या तेराव्याची पंगत बसली होती. मी मठ्ठा वाढत होतो. सायकलवाला म्हातारा झाला होता, पण तुमच्यासाठी आला होता. जेवता जेवता मोठ्याने तुमचं कौतुक सांगायला लागला. "लई डोक्याचा मानूस. शर्यतीच्या वक्ताला यांच्या पोरासाठी मी हलकी सायकल बाजूला काढून ठिवली हुती. पोरगं रोज येऊन हात फिरवायचं तिच्यावर. अण्णा आले अन् म्हनले, ही न्हाई. मला अशी दे, दिसायला राजा अन् चढाला हत्ती. पोरगं नाराज बी झालं न्हाई पायजे, अन् पुढं बी गेलं न्हाई पायजे!" पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "एक गेलता, दुसरा राखला. ह्याला म्हनत्यात बाप." मी बादली घेऊन उभा होतो. सायकलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमास्नी ठाव न्हवतं व्हय? आवं, तुमच्या भल्याचंच हुतं की. वाढा, वाढा मठ्ठा." मी वाढला. पंगतीच्या टोकापर्यंत वाढत गेलो, मग परत पहिल्यापासून. त्या दिवशी तुमच्या फोटोला नमस्कार करायला मला बोलावत होते तेव्हा मी मागे भांडी मोजून देत होतो.

तुम्ही नुसतं "जाऊ नकोस" म्हणाला असतात तर मी गेलो नसतो, अण्णा. आपल्या घरात तुमचा शब्द मोडायची रीतच नव्हती, थोरल्यानेसुद्धा तुमची परवानगी घेऊनच घर सोडलं. दोन शब्दांचं काम होतं. मी रडलो असतो, आठ दिवस जेवलो नसतो, तुमच्यावर राग धरला असता, आणि तो राग खरा असता. कदाचित पुढे विसरलोही असतो. पण तुम्हाला मुलगाही घरात हवा होता आणि मुलाच्या नजरेत चांगुलपणाही हवा होता. म्हणून तुम्ही मला हरवलंत, आणि हरलो ते माझ्या पायांमुळे असं मला जन्मभर वाटू दिलंत. टाइम ऑफिसात मी इतर माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत म्हातारा झालो. त्याच सायकलीवरून गेलो आणि आलो. उत्तम सायकल होती, कधी रस्त्यात बसली नाही. लोक विचारायचे, कुणी घेऊन दिली, आणि मी सांगायचो, वडिलांनी. तुमच्या तेराव्यानंतर सांगणं बंद केलं. पोरीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी अबोल आहे तो स्वभावाने.

शर्यत तुम्ही पाहिलीत, पण घाटापुरतीच. पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सकाळी घाटावर सगळ्यांच्या सायकली ओळीने लावल्या होत्या. बाकीच्यांनी आपापल्या सायकलींची हाडं तेवढी शिल्लक ठेवली होती, मडगार्डसुद्धा नाहीत. माझी मध्ये उभी, माळेसकट, कारण आईने त्या दिवशी परत माळ घातली होती. नदीकाठच्या मासेमारांचा एक पोरगा होता, माझ्याच वयाचा, लंगोट लावलेला. तो म्हणाला, "आरं, सायकल हाय का नवरदेव? वाजंत्री कुठं हायती?" सगळे हसले, मीही हसलो. पाण्यातून मी पहिला बाहेर आलो, त्या खाकी पँटसकट. तो माझ्या मागे होता. सायकलीवर बसलो तेव्हा मात्र मी दुसरा होतो. रेल्वेच्या फाटकापुढच्या चढाला आणखी एक जण मागून आला आणि निघून गेला. मी उभा राहून पायडल मारत होतो आणि चेनकव्हर खडखडत होतं. मैदानावर धावताना एकाचंही अंतर तोडता आलं नाही. मांड्यांतून रक्त येत होतं. मी तिसरा. तो लंगोटवाला पुण्याला गेला आणि पुढे कुठल्याशा शाळेत सर झाला. पुढच्या वर्षी पाऊसच पडला नाही. डोहात गुरं उभी राहत होती, पोहण्याइतकं पाणी नव्हतं, आणि कारखान्यावर शर्यतीचं नाव कुणी काढलं नाही. तोवर मी टाइम ऑफिसात लागलो होतो.

पोरीला उद्या फोन करीन. तिने कुठली सायकल घेतली ते अजून मी विचारलेलं नाही. हे कागद तिला दाखवणार नाही. तिच्या मनात तुम्ही फोटोतले आहात, तसेच राहा.

घाटावर मी पहिला असताना दुसरा कसा झालो, तेवढं राहिलं. तुम्ही पायरीवर पंचा घेऊन उभे होता. "डोकं पूस आधी, कार्तिकातला वारा बाधतो," म्हणालात, आणि मला पंचा न देता स्वतःच पुसायला लागलात. सर वरून ओरडत होते, "अरे पळ! काय उभा राहिलास, पळ!" तो पोरगा तसाच निथळत आमच्या शेजारून वर गेला. सायकलवाल्याचं ऐकल्यापासून मी ते पुसणंही कितीदा तपासून पाहिलं. ते सायकलीसारखंच होतं का, हे सायकलवाल्याला माहीत नव्हतं आणि मला कळायचा मार्ग नाही. पण माझ्या बाजूचं मला माहीत आहे. तुम्ही मला काही धरून ठेवलं नव्हतं. पळायचं असतं तर पळता आलं असतं. लहानपणानंतर तुम्ही मला कधी हात लावला नव्हता, अण्णा. तुम्ही कान पुसलेत, मग मानेमागे पुसलंत, मी मान आणखी खाली केली, आणि तुम्ही थांबू नये असं मला वाटत होतं.