मोठीमाय म्हनत जा

जाऊबाई,

आमी दोघं सहाच्या एसटीनं अमरावतीले चाललो, आज केमो आहे. तुमाले उठवलं नाही. कुहूच्या मुठीत तुमचा पदर होता. मी सोडवून पाह्यला, तं रडाले लागली. मंग माह्याच हातानं परत देला.

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तवापासून अंगावरचं दूध बंद झालं. बाटली ते तुमच्याच हातून पेते, मले दिसते. पन दुपारी झोपवताना उशाशी माहा गाऊन ठेवा. दोरीवरचा नाही, खाटेवरचा. धुवू नोका.

अन् काल मी न्हानीतून आयकलं. तुमी तिले म्हनल्या, "ये, मायजवळ ये." थोरली काकू म्हंजे मोठीमाय, जाऊबाई. मंग त्यातलं 'मोठी' काऊन गिळता? सात महिन्याचं लेकरू जे आयकन तेच शिकन.

आज आल्यावर चार दिवस मले तिले उचलनं होनार नाही. ते चार दिवस घ्या तुमी, पदरही तुमचाच धरू द्या. पन मी आहो तवर 'मोठी' म्हनत जा.

— कुहूची माय