पाकीट ज्याच्या हाती

२ मार्च

ती. स्व. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

त्या मंगळवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले, आमच्या संस्थेची, बायकांच्या छातीच्या तपासणीची गाडी धुतली आणि निकालांची पाकिटं वाटायला निघालो. तू घरी नव्हतीस. दार उघडेल त्याच्या हाती पाकीट द्यायचं, ही आमची आठ वर्षांची रीत. म्हणून तुझं भाऊजींना दिलं. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायचाय, आठवड्यात या, असा निरोप होता. तीन आठवडे झाले. डॉक्टरबाई रोज विचारतात, तुमची बहीण कुठाय? ताई, तू का आली नाहीस?

माया आहेच, ती चार ओळींनी कळव.
तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून शाईत पडलेल्या मुंगीसारखंच. पाकीट मला मिळालंच नाही. यांनी ते वाचून जाळलं. परक्यांपुढे अंग उघडं केलंस म्हणाले, केसाला धरून उंबऱ्यावर आपटलं, मग पट्टा. पडल्यावर लाथा, नेमक्या गाठीच्या बाजूला. दोन दात गेले. आता मी हसले तर तूच घाबरशील. तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. तुझं पत्र शेजारणीने खिडकीतून दिलं, हेही तीच नेईल. गाठ सोंगटीएवढी झालीय. गाडी गल्लीत दिसली तर पेटवीन म्हणतात. तू येऊ नकोस. तुझा राग मला ठाऊक आहे, तुझ्या देवाला नसेल.

जिवाला जप.
ताई

१८ मार्च, पोलीस चौकी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला गाडीत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा तू शुद्धीत नव्हतीस, म्हणून सांगतो. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी गाडी घेऊन आलो. तुझं ओरडणं रस्त्यावर ऐकू येत होतं. मी गाडीतल्या पान्याने दार फोडलं. भाऊजी पट्टा उगारून होते. त्यांच्या हातावर पाना मारला. हाड मोडलेलं ऐकू आलं, पट्टा गळून पडला. तरी मी दुसरा घाव घातला. त्याची गरज नव्हती. पूजेला बसलो की तोच ऐकू येतो.

तुझ्या अंगावरचे वळ मी दहा वर्षं पाहिले आणि तुमच्या घरचा मामला म्हणून गप्प बसलो. वर पाकीटही मीच दिलं. संस्थेत हे सगळ्यांसमोर कबूल केलं. आता पाकीट ज्या बाईचं, तिच्याच हाती, सही घेऊन. सोबतचं तुझं आहे, दवाखान्यात काढलेल्या तुकड्याचा निकाल; डॉक्टरबाई तुझी सही घेऊनच देतील. मी उघडलेलं नाही. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, वेळेत आणलंत.

लोभ सोडू नकोस. भाऊजींविरुद्धची तक्रार आज लिहून दिली. चौकीतले साहेब म्हणाले, तो दुसरा घाव कशाला लिहिता, कुणी पाहिला नाही. मी दोन्ही लिहिले आणि खाली सही केली.

तुझा,
धाकटा