ओळखीचा पहिला कप

८ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपल्या घरात पाणी कुठंतरी मुरतंय. महिनाभर चहाला चवच नाही, नुसतं कडू पाणी. चाळीस वर्षं कंपनीसाठी चहा चाखला, मला कोण फसवणार? सूनबाई म्हणते, चहा तोच आहे. विचारलं की नजर चुकवते. शेवटी मी डब्याला कुलूप घातलं, तर तुझा दादा भडकला. बायकोला चोर ठरवणार असाल तर आम्ही वेगळे राहतो म्हणाला. रविवारी घर बघायला जाणार आहेत. तू खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत आहेस, सोबतची पुडी तपास.

लोभ आहे तो वाढावा. संशय तुझ्यावर नाही.

बाबा

१३ जून

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पुडी तपासली. चहा उत्तम आहे, सुगंधाची सगळी द्रव्यं जागेवर आहेत. रागावू नका, पण तुम्हीच सांगायचात की रोज पहिला कप ओळखीच्या चहाचा, आणि ती परीक्षा चहाची नव्हे, चाखणाऱ्याची. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. बाकीची चव घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेची. नाक दाबून व्हॅनिलाची साखर खा, मग नाक सोडा. व्हॅनिला तेव्हा कळायला हवा. सोबत तीन अगदी वेगळे चहा पाठवतेय, नंबर घालून. दादाला रविवार पुढे ढकलायला सांगितलंय.

तुमच्या रागासकट माया हवी आहे.

चिमणी

१९ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

नाक सोडलं, तरी साखर ती साखरच. तिन्ही कपही सारखे. वाटलं, तूही वहिनीला सामील. एकच चहा तीन पुड्यांत भरलास. शहानिशा करायला सूनबाईपुढे कप ठेवले. ती पटकन म्हणाली, पहिला फुलांचा, दुसरा धुराचा, तिसरा ओल्या पोत्याचा. मग माझ्याकडे बघून रडायलाच लागली.

तिला ठाऊक होतं. मागे दूध करपून घर करपट वासानं भरलं, तेव्हा मी गॅसशेजारीच निवांत पेपर वाचत होतो म्हणे. तेव्हापासून ती तासातासाला गॅस बघून जाते. दादालाही बोलली नाही. बाबांचं नाक म्हणजे त्यांची अब्रू, ती मी कशी घालवू, म्हणाली. स्वतः चोर ठरली, पण तोंड उघडलं नाही. मला फार लाज वाटली गं.

डॉक्टरांकडे जाणार आहे. किल्ली तिच्या हाती देऊन माफी मागितली. दादाचं घर बघणं थांबलं.

आज सकाळी ओळखीचा पहिला कप तिनं चाखला. मी समोर बसून विचारत होतो, कसला वास येतोय.

लोभ असू दे. वहिनीवर जरा जास्त.

बाबा