गाडी छान आहे, साहेब

प्रिय वर्डीमावशी,

तुला माझं आणि ओपलचं पुष्कळ प्रेम. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतायत ना? आम्ही इकडे देवाच्या दयेनं छान आहोत. रँडल ट्रक घेऊन टेक्सासकडे गेलाय, तोही छान आहे. ओपलला दात येतायत, म्हणून ती झोपत नाही, मी झोपत नाही, आणि मागच्या रानातला तो कुत्राही झोपत नाही (कुणाचा आहे कोण जाणे, घराभोवती फिरतो आणि मी दाराला खुर्ची लावून बसते). बाकी सगळं छान.

लिहायचं कारण म्हणजे आमची निळी गाडी. ती विकून गावात चर्चच्या मागे भाड्याची जागा घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे रँडल बाहेर असला तरी खिडकीतून कुणाचा तरी दिवा दिसला असता. इथे कच्च्या रस्त्याच्या टोकाला आमचा एकटाच दिवा. गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. आणि त्याच रविवारी चर्चच्या आवारात पेटसबाईंनी मागे न बघता गाडी मागे घेतली, ती सरळ माझ्या गाडीच्या दारात. मी आत, ओपल मागे. पेटसबाई उतरल्या, आधी त्यांचं केळ्याचं पुडिंग सांडलं का ते बघितलं, मग आमच्याकडे आल्या. आणि मी काय म्हणाले? "माफ करा हं, बाई." धडक त्यांची, माफी माझी! आईनं लावलेलं वळण, दुसरं काय (ती तुझीच बहीण, तेव्हा हसू नकोस).

गॅरेजवाल्या कर्टिसनं दार असं बसवलंय की बोट फिरवलं तरी कळत नाही. दुरुस्तीचे पैसे पेटसबाईंच्या विमा कंपनीनं दिले. गिऱ्हाईक आलं, खूश झालं, मग त्यानं गाडीची जुनी माहिती काढली, तर तिथे अपघाताची नोंद. म्हणाला, "देखणी आहे, पण मार खाल्लेली आहे," आणि भाव असा पाडला की मी दारच लावून घेतलं. कर्टिस म्हणाला, "अगं, दुरुस्ती मिळाली म्हणजे सगळं मिळालं का? किंमत उतरली ती कोण देणार? आपल्या जॉर्जियात तीपण मागता येते. माग!" म्हणून कंपनीकडे मागितली. ते पेटसबाईंच्या कानावर गेलं. त्या सगळ्यांसमोर माझा गाल कुरवाळून म्हणाल्या, "देव तुझं भलं करो गं, पोरी." आपल्याकडे असं म्हटलं की तो आशीर्वाद नसतो, टोमणा असतो, तुला माहीत आहे. तेव्हापासून चर्चच्या व्हॅनमध्ये माझ्या शेजारी ओपलच्या लंगोटांची पिशवी बसते.

मग विमा कंपनीच्या साहेबाचा फोन आला. आवाज इतका गोड, मावशी! "कशा आहात?" "छान, साहेब. तुम्ही?" "बाळ कसं आहे?" "छान." "आणि गाडी?" मी त्याच ओघात, "छान आहे, साहेब. अगदी नव्यासारखी!" वर कर्टिसच्या हाताची तारीफही केली. तो म्हणाला, "ऐकून बरं वाटलं." (माझं बोलणं ऐकून कुणाला तरी बरं वाटलं, म्हणून मलाही बरं वाटलं.) फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ते सगळं टेप होत होतं. कर्टिसनं कपाळाला हात लावला. "तू गाडीची तक्रार करत होतीस की तिचं लग्न जमवत होतीस?"

त्यानं कंपनीशी भांडून साहेबाला गाडी बघायला बोलावलंय, गुरुवारी सकाळी. हा शेवटचा मोका. मी रोज ओपलसमोर सराव करते. "साहेब, गाडीची किंमत उतरलीय." ती हसते. मग मी पण हसते, आणि शेवटी तोंडातून निघतंच, "पण तशी छान आहे."

तुझी,
टॅबिथा

ता.क. तू मक्याच्या पावात, कॉर्नब्रेडमध्ये, साखर घालत नाहीस ना? रँडलची आई घालते. मी छान झालाय म्हणते.

आणखी एक ता.क. गुरुवारी येशील? माझ्या शेजारी उभी राहा, आणि मी "छान" म्हणाले की माझ्या पायावर पाय दे. कर्टिस देतो म्हणाला, पण परक्या माणसानं पाय दिला तर मी त्याचीच माफी मागेन.

आता शेवटचं. साहेब गेला की लगेच निघू नकोस. त्या रविवारपासून किल्ली घेऊन गाडीत बसते आणि ती न फिरवताच उतरते. मी ओपलला कडेवर घेऊन दुकानापर्यंत चालत जाते. रँडलला सांगितलेलं नाही, तो फोनवर विचारतो आणि मी काय म्हणते ते तुला कळलंच असेल. वर पहिल्याच ओळींत "छान आहोत" लिहिलंय ते खोडणार होते, पण ओपलनं पेन ओढलं. तू ते वाचूच नकोस. नुसती ये.