लुआरकाठचा उलटा वारा

प्रिय सेवरीन,

परवा घरी पोचले. हाडं शाबूत आहेत, सायकलही शाबूत आहे. बसायच्या जागेबद्दल मात्र काही विचारू नकोस. सोम्यूरपर्यंत काही गेले नाही, का ते पुढे सांगते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लुआर नदीच्या काठानं सायकलवर एकटी निघणारी बाई एकतर शूर असते नाहीतर हट्टी, आणि मी शूर नाही हे तुला ठाऊक आहे. ऑफिसात जूनमध्ये फार काम आहे, यंदा जमणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलीत मी. खोटं बोलताना माणसाचा आवाज जरा जास्तच गोड होतो, हे मला कळतं. राग नाही आला. भीती वाटली. माझा ब्रिस गेल्यावर माझं म्हणावं असं माणूस तू एकटी उरलीस, आणि आपल्या दोघींचं म्हणावं असं काही उरलं असेल तर ते हे जूनमधले पाच दिवस. तेही सुटले तर तू माझी कोण आणि मी तुझी कोण? हाच प्रश्न घेऊन मी ब्ल्वाहून निघाले.

वारा यंदाही समोरूनच. शोमोंच्या किल्ल्याखालच्या वळणावर तर असा भेटला की जागेवरच पायडल मारतेय असं वाटलं. तुमच्या लग्नानंतरची पहिली सफर आठवते? नव्या जोडप्याबरोबर सासू कशाला, असं मी म्हटलं होतं, तर तूच माझ्या सायकलच्या चाकात हवा भरून ती दारात उभी केलीस. आणि ब्रिसचं ते भाषण! "नदी समुद्राकडे जाते, आपणही तिकडेच जायचं. उतार आहे, आई, पाय न हलवता पोचशील!" उतार कसला आणि काय, पोळपाटाला असेल तेवढा. आणि समुद्रावरचा वारा थेट तोंडावर. शहाणी माणसं सोम्यूरहून उलटी निघतात, वारा पाठीशी घेऊन, आणि आपल्याकडे बघून हसत निघून जातात. तर हा पठ्ठ्या त्यांनाच ओरडून सांगायचा, "अहो, रस्ता चुकलात!" तो गेल्यावरही तीन जून आपण तशाच गेलो, माना खाली घालून, पुढच्या चाकाकडे बघत. मला दम लागायचा, गुडघे ठणकायचे, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. तुझ्यासाठी. आईच मुलाला विसरली, असं तुला वाटायला नको म्हणून.

अंबुआजच्या पुढे नेहमीसारखी जोसेतबाईंकडे उतरले. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहेच. मला दारात बघून म्हणाल्या, "एकट्याच? आणि सूनबाई? एप्रिलमध्ये येऊन गेली की! खालच्या अंगानं आली, वारा पाठीवर घेऊन. गाल कसे लालबुंद झाले होते पोरीचे! आणि बरोबर ते दाढीवाले..." मग एकदम जीभ चावली, आणि शेळीच्या दुधाचं चीज माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हे खा, सकाळचंच आहे." मी अख्खं संपवलं, एक तुकडा त्यांना ठेवला नाही. खरं सांगू? दाढीचं मला फारसं काही वाटलं नाही. तू बेचाळीस वर्षांची आहेस, दगड नाहीस. मला लागलं ते तू उलट्या दिशेनं आलीस याचं. माझ्या मुलाचा एवढा एकच हट्ट आपण दोघी सांभाळत होतो, आणि तो तू मला न सांगता सोडून दिलास. त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. माझी मलाच लाज वाटते.

लांझेचा पूल ओलांडून दोन तास पुढे गेलं की ते छोटं गाव लागतं. नाव मी लिहायची गरज नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे नगरपालिकेच्या भिंतीला पाण्याचा नळ आहे, म्हणून थांबले. बाटली नळाखाली धरली आणि सहज शेजारच्या फळीवर नजर टाकली. लग्नाची नोटीस. लोइक गार्नो, होड्या बांधणारा सुतार, आणि खाली तुझं नाव. बारा जुलै. बाटली भरून वाहायला लागली, बूट भिजले, मी तशीच उभी. कुणाची हरकत असल्यास कळवावं म्हणून खाली पत्ता दिला होता. मी तो दोनदा वाचला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मग मी एक पोरकटपणा केला. नदीवर होड्यांची शेड दिसत होती. झाडाआड गेले, माझ्याच हातानं मागच्या ब्रेकची तार सोडली आणि सायकल ढकलत तिथे गेले. तुझा दाढीवाला एका होडीच्या पोटाला डांबर फासत होता. हात पुसत आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, बिघडलं काहीच नाही. कुणीतरी तार सोडून ठेवलीय." मी म्हटलं, वाऱ्यानं सुटली असेल. तो पोट धरून हसला. "वारा आहेच तसा! पण या वयात त्याच्या तोंडावर कशाला जाताय?" मी म्हटलं, सवय आहे. तर तार आवळता आवळता म्हणतो कसा, "माझी होणारी बायकोही अशीच जायची. तीन वर्षं. पहिल्या नवऱ्याच्या आईला वाईट वाटू नये म्हणून." सेवरीन, मी हँडल घट्ट धरलं. मी विचारलं, आणि आता? "आता त्या बाईंना लग्नाचं सांगायचंय. रोज पत्र लिहायला बसते, रोज फाडते. म्हणते, त्यांना न सांगता लग्न केलं तर चोरी केल्यासारखं वाटेल, आणि सांगितलं तर त्या कायमच्या तुटतील." मी म्हटलं, बाई खडूस दिसतेय. तर हा शहाणा म्हणतो, "असेलही. पोस्टात होती म्हणे!" मी काही ओळख दिली नाही. निघताना त्यानं ओंजळभर चेरी रुमालात बांधून दिल्या. माणूस बरा आहे. हात स्वच्छ पुसून मगच चेरींना लावले.

म्हणजे मी तुझ्यासाठी आणि तू माझ्यासाठी! तीन वर्षं दोघी गुडघे झिजवत होतो, आणि ज्याच्यासाठी म्हणून चाललं होतं तो ब्रिस तिसऱ्याच दिवशी कंटाळून म्हणाला असता, चला, ट्रेननं घरी जाऊ. शेडपासून थोडी लांब आले, बांधावर बसून चेरी खाल्ल्या, आणि सायकल वळवली. वारा पाठीला लागला तशी सायकल आपली आपण चालू लागली. मान वर करून बघितलं तर नदीत वाळूची केवढाली बेटं, त्यांवर पांढऱ्या पक्ष्यांची गर्दी. इतकी वर्षं तिथूनच जात होते आणि बघितलं नव्हतं. मोठ्यानं रडले. रस्त्यावर कुणी नव्हतं. ब्रिसला म्हटलं, गाढवा, चुकला होतास रे तू. त्याला पहिल्यांदाच असं काही म्हणू शकले. फार बरं वाटलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. ब्रिसशी तुझं लग्न झालं तेव्हा नगरपालिकेच्या वहीत तुझी साक्षीदार म्हणून मी सही केली होती, कारण तुझी आई दवाखान्यात होती. तो गेल्यावर त्याच कचेरीत मृत्यूच्या नोंदीखालीही मीच सही केली, कारण तू कचेरीच्या पायरीवरच बसून राहिलीस. माझी ती शेवटची सही ठरावी असं मला वाटत नाही. बारा जुलैला तुझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून मला उभं राहू दे. मृत मुलाची आई म्हणून नव्हे, पाहुणी म्हणूनही नव्हे. तुझ्या माणसांपैकी एक म्हणून. तू दुसरी कुणी ठरवली असशील तर तसं सांग, मी मागच्या रांगेत बसेन, पण येईन. ती फाडलेली पत्रं पुन्हा लिहू नकोस. फोन कर. मी घरीच आहे.

आज, उद्या आणि बारा जुलैनंतरही तुझीच,
ओदिल