चौतीस लिफाफे

उनापेक बेट,
४ फेब्रुवारी १९९६

ती. तेरुकोताईस,
धाकट्या सेंताचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझी लेक नेरिसा माझ्या खांद्याला लागली. शाळेतून आली की आधी तुझं पत्र आलं का ते विचारते आणि मग खायला मागते, त्यावरून काय ते समज.

आता माझी बातमी. वेनो बेटावरच्या मुख्य निवडणूक कचेरीने मला आपल्याच बेटाची मतदार नोंदणी अधिकारी नेमलंय. एप्रिलमध्ये मेयरची निवडणूक आहे, तोवर यादी साफ करायची. यादीत चारशे सहा नावं आहेत आणि बेटावर मोठी माणसं जेमतेम दोनशे सत्तर. उरलेली थोडी गुआमला, थोडी होनोलुलूला आणि बरीचशी चर्चमागच्या वाळूत. आजोबांचंही नाव होतं. मरून सहा वर्षं झाली, पण गेल्या निवडणुकीत त्यांनी मत दिल्याची खूण आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, की त्यांना राजकारणाची हौस पहिल्यापासूनच होती.

मी मात्र हसण्यावर नेणार नाही. मेलेली नावं चर्चच्या वहीशी ताडून काढतेय. बाहेर राहणाऱ्यांचं नाव आपल्या बेटावरच राहतं, तो त्यांचा हक्क. पण मत ज्याचं त्याने द्यायचं: गुआमच्या केंद्रावर जाऊन, नाहीतर आधी लिफाफ्यातून, अर्जावर स्वतःच्या हाताने सही करून. हे मी घरोघरी सांगत फिरते. बायका ऐकून घेतात, नीरफणस हातावर ठेवतात आणि लग्नाचं विचारतात.

एक फजिती सांगते. शाळेच्या ओसरीवर कचेरीने मला टेबल-खुर्ची दिली होती. पहिल्याच दिवशी बेनिसियोदादा नाव तपासायला आला आणि पायरीवर बसला. भाऊ खाली आणि मी वर खुर्चीत! मी तशीच घसरत टेबलाखाली गेले आणि तिथून हात वर काढून त्याची नोंद केली. रांगेतले लोक पोट धरून हसले. आता चटई अंथरून खालीच बसते. म्हाताऱ्या खूश आहेत, शिकून पोरगी बिघडली नाही म्हणतात.

दादा स्वतः उभा राहतोय, आताच्या मेयरविरुद्ध, जुन्या रुफिनोविरुद्ध. त्याला धक्का बांधायचाय, पाण्याच्या टाक्या आणायच्यात. मला खूप बरं वाटलं.

पत्राची वाट पाहते. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
सेंता

————

तामुनिंग, गुआम,
१९ फेब्रुवारी १९९६

चि. सेंता हिला तेरुकोताईचे अ. उ. आ.

तुझी टेबलाखालची गोष्ट मी हॉटेलात चादरी घालता घालता सगळ्यांना सांगितली. फिलिपिनो बायकांना कळेचना, की भावापुढे बहिणीने वाकायचं म्हणजे काय. मी म्हटलं, मी तर त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्याला कडेवर घेऊन वाढवलेली, तरी तो बसला असेल तर मी गुडघ्यावर जाते. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे नवरे काय मागत असतील.

बेनिसियो इथे येऊन गेला. चार दिवस माझ्याकडेच होता. चर्चबाहेर आपल्या सगळ्या लोकांना भेटला, सगळ्यांनी माना डोलावल्या. जाताना त्याची पिशवी बरीच फुगली होती. मला वाटलं, कुणी कुणी कपडे दिले असतील.

मी इकडे आल्यापासून एकदाही मत दिलेलं नाही. दर वेळी कामाची पाळी आडवी यायची. या वेळी महिनाभर आधी रजा मागून ठेवलीय. आईने शिवलेला हिरवा परकर घालून जाणार आणि पेटीत स्वतःच्या हाताने टाकणार. कुणाला ते विचारू नकोस. मत गुप्त असतं म्हणून तूच सगळ्यांना शिकवत फिरतेस ना?

एक सांगू? काम नीट कर, पण फार ताठ होऊ नकोस. नेरिसा त्याच घरात राहते. तिला जप, स्वतःला जप, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

————

उनापेक,
५ मार्च १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज गंमत नाही. सरळ विषयाला येते.

दादाच्या त्या पिशवीत कपडे नव्हते. चौतीस लिफाफे होते, गुआमच्या चौतीस जणांची मतं. बाहेरचा अर्ज मला तपासायचा असतो. चौतीसही अर्ज एकाच पेनने, एकाच तिरक्या हाताने भरलेले. गुआम सोडून होनोलुलूच्या इस्पितळात महिनाभर पडून असलेल्या हेरमानकाकांची सहीही त्यात आहे.

आणि ताई, तुझीही आहे. तू तर स्वतः जाणार म्हणून रजा घेऊन बसलीस. कॉलेजच्या चार वर्षांत माझ्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून तूच सही केलीस. तुझी सही मी झोपेतही ओळखेन. ही तुझी नाही.

दादाला मी विचारू शकत नाही, तुला माहीतच आहे. आईला पाठवलं. तो आईला म्हणाला, की रुफिनोने मेलेल्यांकडून मतं घेतली, मी निदान जिवंतांची घेतली. सगळ्यांनी हो म्हटलंच होतं. कामाच्या पाळ्या सोडून केंद्रावर जाणार कोण? एवढ्यासाठी कशाला बाऊ करायचा? आई परत येऊन नीरफणस कुटत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

सतरा तारखेला सभाघरात यादीचं वाचन आहे. लिफाफ्यांची नावंही मोठ्याने वाचली जातात आणि सूर्य बुडायच्या आत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत उभं राहून बोलावी लागते. दादा समोर बसलेला असताना मी उभी राहून त्याच्याविरुद्ध बोलणं शक्यच नाही. जीभच उचलणार नाही. म्हणून मी मार्ग काढलाय. हरकत लिहून इसामूमामांना दिलीय, ते वाचतील. आईचे भाऊ, घराण्यातले सर्वांत वडील, त्यांच्यापुढे दादाही मान खाली घालतो. रीतही सांभाळली जाईल आणि कायदाही. मामांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला आणि मला म्हणाले, अक्षर सुंदर आहे.

काळजी करू नकोस. तुझ्या आशीर्वादावर भिस्त आहे.

तुझी,
सेंता

————

उनापेक,
१८ मार्च १९९६

चि. तेरुको हिला इसामूमामाचे अनेक आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. सेंताचं पत्र येईल त्याच्या आधी माझं तुझ्या हाती पडावं म्हणून लिहितो.

काल वाचन झालं. सगळं बेट जमलं होतं, रुफिनोची माणसं पुढच्या चटयांवर. चौतीस नावं वाचून सेंताने विचारलं, कुणाची हरकत आहे का? तिचा कागद माझ्या मांडीखाली होता. मी बसून राहिलो. तिने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना वाकल्या जागेवरून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात सूर्य बुडाल्याचा शंख वाजला आणि ते संपलं.

मी भ्यालो असं समजू नको. बेनिसियोने चूक केली, हे मला कळतं, आणि त्याला मी समुद्रकाठी नेऊन काय बोलायचं ते बोललो आहे. पण बहिणीच्या शब्दांनी भावाला चारचौघांत, तेही रुफिनोपुढे, खाली पाडायचं आणि ते शब्द माझ्या तोंडून जायचे? उद्यापासून ही दोन पोरं एका घरचं खाणार नाहीत. जमीन दुभंगेल. तुझी मुलगी ज्या छपराखाली झोपते, ते कुणाच्या वाट्याला जाईल ते तूच सांग.

सेंता शहाणी आहे. पण कागदावर सगळी माणसं सुटी सुटी लिहिलेली असतात, तशी ती तिला खरीच सुटी वाटतात.

आता ती तुझ्याकडे काहीतरी मागेल. तू थोरली आहेस. एवढंच लिहितो. देव तुला सुखी ठेवो.

तुझा मामा,
इसामू

————

उनापेक,
२० मार्च १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

मामांनी कागद वाचला नाही. संध्याकाळी परत देताना म्हणाले, पोरी, तुझ्या भल्यासाठीच. तो त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होता. माझ्यासाठी कायदा तिथेच संपला, कारण मुदत माझ्याच तोंडाने संपली. तीनदा मीच विचारलं आणि तीनदा मीच गप्प राहिले.

काल बोटीने वेनोला जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, की नुसतं अक्षर सारखं दिसतं म्हणून चौतीस मतं बाजूला काढता येणार नाहीत. पण त्यातल्या एकाही मतदाराने स्वतः म्हटलं, की ही सही माझी नाही, तर सगळे लिफाफे मोजणी थांबवून तपासता येतील. फक्त एका माणसाने.

तेहतीस जणांना मी ओळखते, पण त्यांच्यातलं कुणी केंद्रावर जाणार नाही. तू जाणार आहेस. गुआमच्या केंद्रावर तुझ्या अर्जाची नक्कल फॅक्सने पोचलेली असेल. कारकून विचारेल, ही सही तुमची का? तू नाही म्हण. बस. दादाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, तो तिथे असणारही नाही. जे खरं आहे तेवढंच.

तू माझ्यासाठी खूप केलंस. हे शेवटचं मागते. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
सेंता

————

तामुनिंग,
३ एप्रिल १९९६

चि. सेंता हिला अ. उ. आ.

काल जाऊन आले. हिरवा परकर घातला होता. रांगेत दीड तास उभी राहिले, पाय दुखले नाहीत. कारकून मॉर्टलॉक बेटांकडचा होता, तरुण, चष्मेवाला, तुझ्यासारखा. नाव सांगितलं तर त्याने बोट फिरवत फिरवत एका जागी थांबवलं आणि म्हणाला, मावशी, तुमचं मत आधीच पोचलंय. मग तो कागद पुढे केला. सही तुमची नसेल तर इथे लिहून द्या, लिफाफा बाजूला ठेवतो, आताच्या आता मत द्या, म्हणाला. मतपत्रिका त्याच्या हाताखालीच होती.

मी त्या सहीकडे बघत राहिले. बेनिसियोने माझं नाव फार काळजीने काढलंय गं. लहानपणी वाळूवर काठीने मीच त्याला अक्षरं शिकवली होती, तशी एकेक अक्षर जपून.

मामांचं पत्र माझ्या पिशवीत होतं आणि तुझंही. मी दोन्ही वाचून गेले होते. रात्रपाळीत तुझ्या बाजूने ठरवलं होतं, खरं सांगते. पण तो मुलगा पेन पुढे करून थांबला, मागून लोक खोळंबले, आणि मला एकदम असं वाटलं, की बेनिसियो समोर बसलाय आणि मी उभी आहे. मी हो म्हटलं. माझीच सही आहे. त्याने तसं लिहून त्याखाली माझी सही घेतली. या वेळची खरीच माझी.

बाहेर आले तर दुपार होती. सबंध दिवस रिकामा. काय करावं कळेना म्हणून बसथांब्यावर बसून राहिले.

आणि काय जळतंय सांगू? मी त्यालाच देणार होते. दुसऱ्या कुणाला देणार? एकदा मागितलं असतं तर दोन्ही हातांनी दिलं असतं. त्याने माझ्या घरात चार दिवस माझ्या हातचं खाल्लं, आणि मागितलं नाही.

मला बोल, हवं तेवढं बोल. नेरिसाच्या कानावर घालू नकोस.

तुझी,
ताई

————

उनापेक,
१५ एप्रिल १९९६

ती. तेरुकोताईस नमस्कार.

दादा नऊ मतांनी निवडून आला.

तुझा कबुलीचा कागद साहेबांनी मला वेनोत दाखवला. म्हणाले, जिच्याबद्दल तुम्ही एवढ्या खात्रीने सांगत होता, तिनेच सही आपली म्हणून सांगितलं. आता बाकीच्या तेहतिसांवर संशय घ्यायला आधार काय? एका सहीने चौतीस लिफाफे शुद्ध झाले. मग त्यांनी निकालाचा दाखला पुढे केला. त्यावर नोंदणी अधिकाऱ्याने सही करायची असते.

मला वाटत होतं, की मी नाकारीन, नोकरी सोडीन. बोटीत बसून तसं पत्रही मनात लिहिलं होतं. पण मी पुराव्याने चालणारी. घरोघर तेच सांगत फिरले, की नुसत्या बोलण्यावर जाऊ नका, कागद बघा. आता कागद सांगत होता, की सगळं नियमाप्रमाणे झालं. म्हणून मी सही केली. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी जरा सबुरीने घ्या.

रविवारी चर्चनंतर सभाघरात जेवण होतं. दादा बोलायला उभा राहिला. गुआमच्या आपल्या माणसांनी आपल्याला विसरलं नाही, असं म्हणाला. थोरल्या बहिणीचं नाव घेतलं, तिने दूरदेशी राहून भावाची आठवण ठेवली म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. ताई, ते खोटं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटतं. आई रडली. मामा जमिनीकडे बघत होते. रुफिनोची माणसंसुद्धा जेवली, आणि त्यांच्यातला एकजण मला हळूच म्हणाला, की चौतीस आणायला हवे होते हे आम्हाला कळलं असतं, तर आम्ही पन्नास आणले असते.

तुझ्यावर रागावले आहे, हे लपवत नाही. मामांवर तेवढी नाही आणि दादावर त्याहून कमी. का, ते मलाही सांगता येत नाही. बहुतेक तू एकटीच होतीस, जिच्याकडून मी काही मागितलं होतं.

मी रोज तोच हिशेब मांडते. तू त्याला देणार होतीस. हेरमानकाकाही कदाचित देणार होते. ते चौतीसजण आपापल्या पायांनी गेले असते, तर दादा याच नऊ मतांनी आला असता, नाहीतर पाचांनी पडला असता. बेटाला तो हवा होता की नव्हता, हे एकदाच विचारायचं होतं, आणि ते विचारलंच गेलं नाही. आता तो चार वर्षं मेयर म्हणून मिरवेल, धक्काही बांधेल, चांगलाच बांधेल. पण लोकांनी त्याला निवडलं की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही. त्यालाही नाही.

नेरिसा बरी आहे. तिला काही सांगितलेलं नाही. तू लिहीत राहा; मी वाचेन. उत्तर लगेच येईल असं मात्र धरून बसू नकोस.

तुझी बहीण,
सेंता